सगळ्यांच्या मापाचा शापान

मित्रांनो, मी एक शापान आहे. वय विचाराल तर जेमतेम सहा वर्षं, पण अडीचशेएक खांदे पाहून झालेत. नावात शाप दिसतो म्हणून दचकू नका. आमच्या कझाक मुलखात कुणाचा मान करायचा झाला की त्याच्या खांद्यावर शापान घालतात, लांब, अस्तराचा, जरीकामाचा अंगरखा. तो घालूनच माणूस घरी जातो. शेजारीपाजारी बघायला येतात, चहा होतो. एकदा घातलेला शापान काढून घेणं म्हणजे चारचौघांत त्या माणसाची अब्रू वेशीला टांगणं. आणि माझी सगळी हयात नेमकी यातच गेली. तेव्हा मी गोड बोलेन अशी आशा धरू नका.

मला बिबिश आपांनी शिवलं. निळी मखमल, कडेला सोनेरी धाग्यात मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. अकरा दिवस त्या माझ्यावर वाकून बसल्या होत्या. न्यायला आलेल्या विद्यापीठाच्या कारकुनाला त्यांनी विचारलं, "मापं तर दिलीच नाहीस. कुणाच्या अंगाचा हा?"

"सगळ्यांच्या, आपा."

"सगळ्यांच्या मापाचा शापान? मग मेल्या, चादरच का नाही शिवून घेतलीस?"

कारकून हसला. मला वाटलं, थट्टा चालली आहे. मी नवा होतो.

विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात माझ्या कॉलरच्या आत विद्यापीठाच्या मालमत्तेचा शाईचा शिक्का बसला, नोंद क्रमांक एक्केचाळीस सतरा. मग मला कपाटात टांगलं. विभागाचे प्रमुख मदियार नुकतेच अल्माटीहून दोन दिवसांचं शिबिर करून आले होते. तिथे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की लोकांना माहिती नको असते, गोष्ट हवी असते, आणि व्हिडिओच्या पहिल्या तीन सेकंदांत डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे. मदियारनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: माणूस, अडचण, शापान. दर गुरुवारी एक गोष्ट. अडचण सोसलेला कुणीतरी शोधायचा, त्याला बोलता करायचा, शेवटी कुलगुरूंच्या हातून मला त्याच्या खांद्यावर घालायचं. टाळ्या झाल्या की मला काढून घ्यायचं आणि माप जुळवायला पाठीला लावलेल्या पिना डबीत टाकायच्या.

हरकत घ्यायला विद्यार्थी घाबरायचे, प्राध्यापक लाजायचे. एक वनस्पतिशास्त्राच्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "अगंबाई, परत द्यायचा का?" आणि मग त्या स्वतःच ओशाळल्या. लाजायचं कुणी होतं आणि लाजत कोण होतं!

मग सेइतकाली अगांचा, म्हणजे सेइतकाली काकांचा, गुरुवार आला. वसतिगृहाच्या बॉयलरखोलीत त्यांनी अडतीस हिवाळे काढले होते. महिन्याभरात निवृत्त होणार होते. व्हिडिओ करायला जानसाया होती, विभागातली तेवीस वर्षांची मुलगी.

"अगा, इतक्या थंडीत कधी रडू आलं का तुम्हाला?"

"रडत बसलो असतो तर बॉयलर विझला असता, पोरी."

मदियारनी कपाळाला हात लावला. "तीन सेकंदांचं काय करायचं आता?" तेवढ्यात अगांनी भट्टीचं दार उघडलं, धूर तोंडावर आला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "हेच! हेच घे!" मदियार ओरडले. धुराचे अश्रू चार लाख लोकांनी पाहिले, मित्रांनो, आणि कित्येक जण त्यावर खरे रडले.

मला खांद्यावर घेतल्यावर सेइतकाली अगांनी दोन्ही तळवे उघडले आणि आशीर्वाद दिला, जसा शापान मिळालेला वडीलधारा माणूस देतो तसा. पोरांच्या चुली कधी विझू नयेत, परदेशी गेलेल्यांना घरची वाट सापडावी, असं बरंच काही. बावन्न सेकंद चालला. "एवढं कोण ऐकणार?" म्हणून तो व्हिडिओतून कापून टाकला.

मग मदियार म्हणाले, "अगा, हात जरा वर करा."

अगांना वाटलं, अजून एक फोटो असेल. त्यांनी हात वर केले आणि माझ्या बाह्या त्यांच्या हातांवरून सरकन निघाल्या. ठिगळाच्या स्वेटरमध्ये, हात वर करून, तो म्हातारा तसाच उभा राहिला. मला हात असते तर त्या दिवशी मी मदियारच्या कानाखाली आवाज काढला असता.

तीन आठवड्यांनी अगा विभागात आले. टोपी मुठीत चुरगाळत ते कपाटासमोरच्या स्टुलावर बसले आणि जानसायाशी बोलू लागले. गावातल्या सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला होता. लोक शापान बघायला घरी येत होते. त्यांच्या बायकोने, कुल्याश आपांनी, दोनदा पुऱ्या तळल्या होत्या. पहिल्यांदा अगांनी सांगितलं, धुवायला दिलाय. दुसऱ्यांदा सांगितलं, वाळला नाही.

"शेजारचा म्हणतो, सेइतकाली, नदी आटली रे, पण तुझा शापान काही वाळेना! आता रविवारी नातीच्या सासरचे येताहेत, पोरी. पहिल्यांदाच. त्यांच्यासमोर खोटारडा ठरलो तर पोरीने तिथे मान कशी वर करायची? एका दिवसापुरता दे. सोमवारी सकाळी आणून देतो."

स्वतःला दिलेली वस्तू तो माणूस उसनी मागत होता. जानसायाला वर बघवेना. "अगा, तो तुमचाच…" एवढंच ती म्हणाली.

पलीकडे मदियारचे कान टवकारले. "रविवारी? व्याही येणार? वा, अगा! आम्हीच घेऊन येतो. दुसरा भाग करू!"

रविवारी अगांच्या घरी मी पुन्हा त्यांच्या खांद्यावर चढलो. व्याही खूश झाले, म्हाताऱ्यांनी माझी नक्षी बोटांनी चाचपून पाहिली. कुल्याश आपा माझी कॉलर नीट करायला आल्या आणि त्यांना आतला शिक्का दिसला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कॉलर आत दुमडली आणि चहा ओतायला गेल्या.

जेवणं झाली. मदियार अगांच्या मागे येऊन वाकले. "अगा, आम्ही निघतो. तेवढा शापान…"

हळू बोलले, पण व्याह्यांना ऐकू जाईल इतपत. नातीच्या तोंडावरचा रंग उडाला.

सेइतकाली अगा उठले. "बरी आठवण केलीत!" ते मोठ्याने म्हणाले. "पाहुण्याला रिकाम्या खांद्यांनी पाठवायची रीत आमच्या घरात नाही." त्यांनी मला स्वतःच्या हातांनी उतरवलं, मदियारच्या अंगावर घातलं आणि वरचं बटण लावलं.

"याला म्हणतात मन!" व्याही उठून उभे राहिले. "अहो, परवा मिळालेला शापान कुणी असा देतं का? पोर चांगल्या घरातली आणली आपण."

टाळ्या वाजल्या. अगांची अब्रू वाचली. मदियारचं तोंड मात्र बीटासारखं झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा जळफळाट झाला. सहा वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर दिलं होतं, आणि देणारा कोण, तर ज्याच्या अंगावरून मला ओरबाडलं होतं तो! आणि बदल्यात त्याच्या अंगावर तोच ठिगळाचा स्वेटर.

गाडीने वळण घेतलं न घेतलं तोच मदियारनी मला काढून मागच्या सीटवर फेकलं. "काय शेवट मिळालाय! आज रात्रीच जोड."

"सर, त्यांनी तो तुम्हाला दिलाय," जानसाया म्हणाली. "आता तो कपाटात ठेवता येणार नाही."

"वेड लागलंय का? विद्यापीठाचा आहे तो."

"मग आपण तो कधीच कुणाला दिला नव्हता. हे लिहू का व्हिडिओखाली?"

मदियार खिडकीबाहेर पाहू लागले. जानसायाने व्हिडिओला हात लावला नाही, तो दुसऱ्या कुणीतरी जोडला. सहा लाख लोकांनी पाहिला आणि विद्यापीठाच्या दिलदारपणाचं कौतुक केलं. सोमवारी मी कपाटात होतो. गुरुवारी पिनांची डबी उघडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना हात जोडून विनवतात, की आम्हाला जपा, ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. मी तसलं काही मागणार नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या अशा एखाद्या विभागात कामाला लागलात आणि कपाटात मी दिसलो, तर मला झटकू नका, इस्त्री करू नका, माझी काळजी घेऊ नका. कॅमेरा बंद करा आणि मला देऊन टाका.