लालीचं ऑपरेशन

जुईनगरच्या आपल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर दीक्षा लाली कुत्रीच्या पुढच्या पायाच्या शिरेत भुलीचं औषध सोडत होती, तेही अगदी हळूहळू. शिरेतून घाईने दिलेली भूल रक्तदाब पाडते. गुडघ्याला बाशिंग बांधून इंजेक्शन ढकलणाऱ्यांतली दीक्षा नव्हे. लालीच्या गर्भाशयात पू झाला होता. आज ऑपरेशन झालं नाही तर कुत्री हातची जाणार, हे जासईहून तिला टेम्पोत घालून आणणाऱ्या रखमालाही कळत होतं.

अर्धं औषधही गेलं नव्हतं, तोच मॉनिटर कोकलायला लागला. रक्तदाब घसरला होता. तेवढ्याने दीक्षा डगमगली नसती. तिला खटकलं ते हृदय. अंगात ताप, पोटात पू, अशा जनावराचं हृदय धावायला हवं. लालीचं तर रांगत होतं.

“औषध बंद! शर्मिला, ऑक्सिजन चालू ठेव, सलाइन वाढव,” तिने नर्सला सांगितलं आणि दार उघडून ओरडली, “मावशी, सकाळपासून हिला काय दिलंत?”

“कायच नाय गो डॉक्टरीनबाय! तुमी उपाशी ठेवा बोल्ल्या ना?”

“गोळी? औषध?”

रखमाचा चेहरा पडला. “माझी बीपीची गोळी. तिची छाती लय धडधडत व्हती, म्हनून... गोळी काय खानं थोरंच हाय?”

घ्या! माया वेडी असते ती अशी. रखमाने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. हृदयाचे ठोके कमी करणारीच गोळी होती ती. दीक्षाला संताप आला आणि त्याच दमात हायसंही वाटलं, कारण आता कशाशी लढायचं ते ठाऊक होतं. तिने ठोके वाढवणारं अॅट्रोपिन दिलं आणि मॉनिटरवर डोळे लावले. आधी काहीच हललं नाही. मग लालीचे ठोके उठले, भराभर वाढले, आणि पाठोपाठ रक्तदाबही वर चढला.

“आली रे आली!” शर्मिला ओरडली.

पुढची भूल दीक्षाने हात आखडूनच दिली. पुवाने फुगलेलं गर्भाशय सहीसलामत बाहेर निघालं तेव्हा शर्मिलाने चक्क शिट्टी मारली.

बाहेर रखमा स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. दीक्षाने तिचे दोन्ही हात धरले.

“बस करा मावशी! लपवलं असतंत तर मी अंधारात चाचपडत बसले असते. तुम्ही खरं बोललात म्हणून वाचली ती.”

“वाचली?” रखमा आत धावली. “लाले! ए लाले!”

जीभ लोंबलेली, डोळे अजून गुंगीत. पण लालीची शेपटी टेबलावर एकदा हलली, आणि मग धपाधप आपटायला लागली.