सरपंचांचा रेडा

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेला होता. अहमदपूरजवळच्या एका गावात नवे कलेक्टर पहिल्यांदाच येणार होते. सरपंच माणिकप्पांनी रेवणप्पा पेंटरला पंचायतीच्या भिंतीवर ‘सुस्वागतम्’ लिहायला सांगितलं, आणि शेजारी शोभेचं काहीतरी चित्र.

रेवणप्पाचं डोकं आधीच तापलेलं. सरकारी टँकर रोज यायचा, सरपंचांच्या हौदात रिकामा व्हायचा आणि गल्लीत नुसता हॉर्न वाजवून जायचा. त्याची बायको गौरम्मा तीन आठवडे कोसभरावरून पाणी वाहत होती. या माणसाला भांडता येत नव्हतं, ब्रश तेवढा धरता यायचा. त्यानं काढलं ते असं: धोतर-कोटातला रेडा खुर्चीत बसून टँकरची नळी तोंडाला लावतोय, आणि डोईवर पदर घेतलेल्या शेळ्या घागरी घेऊन रांगेत. साहेब येईपर्यंत चित्र टिकलं की झालं. गावात धोतर-कोटवाले डझनभर होते, कोण कुणाचं नाव घेणार?

पण घोळ झाला. चित्र पुरं झालं की त्याला तीन बोटांनी विभूती लावायची, ही रेवणप्पाची बापापासूनची रीत. सवयीनं हात गेला तो नेमका रेड्याच्या कपाळावर. या कानापासून त्या कानापर्यंत. आणि एवढी रुंद विभूती गावात एकच माणूस लावायचा.

दुपारपर्यंत अर्धं गाव भिंतीपुढं जमून हसत होतं. सरपंच येताना दिसले तसे सगळे खोकायला लागले. आता चुन्याची बादली येणार आणि गौरम्माची पायपीट काही सुटत नाही, असं रेवणप्पाला वाटलं.

माणिकप्पांनी रेड्याच्या कपाळावर बोट ठेवलं.

“रेवण्या, ह्यो मीच ना?”

खोटं बोलायला जागाच नव्हती. “हाव, मालक.”

“तीन पिढ्यांची सरपंचकी हाय आमची. अन् मला रेडा?” ते खरोखरच दुखावले होते. “मठाच्या दारावर काय हाय? हत्ती हाय. हत्ती कर मला.”

रेवणप्पानं घाईनं मान खाली घातली. हसू आवरत नव्हतं.

दिवस मावळायच्या आत रेड्याचा हत्ती झाला. हत्ती म्हटल्यावर सोंड आली, आणि सोंड ठेवायला भिंतीवर एकच जागा होती, टँकरचं तोंड. त्याच्यापुढं टँकर लहान दिसायला लागला, शेळ्या तर उंदराएवढ्या. माणिकप्पांनी स्वतः उभं राहून दात लांब करून घेतले.

दुसऱ्या दिवशी कलेक्टर आले, हार घालून घेतला आणि भिंतीपाशी थांबले.

“टँकरमध्ये सोंड घातलेला हा कोण?”

माणिकप्पांनी पुढं होऊन कोट सारखा केला आणि हात जोडले.

“मीच की, साहेब.”

त्या दुपारी टँकर हौदावरून तसाच पुढं आला आणि गल्लीत थांबला. पहिली घागर गौरम्मानं भरली.