जिभेवर तपासलेला घास

ताटाच्या कडेला काटा — केसाहून बारीक, पांढरा, ओला... कमळने तो चिमटीत धरला. हा तिच्याच जिभेवरून निघालेला. आणि काटा काढलेला घास? तो रोशनीच्या पोटात गेला, आत्ताच, गिळलासुद्धा पोरीने!

परवाच कमळ इस्पितळातून वेसाव्याला परतली होती. आतड्यातली गाठ यकृतापर्यंत पोचलेली, म्हणून शिरेतून ते किरणांचं औषध सोडलेलं — ते म्हणे गाठ बरोबर हुडकून काढतं, तिला चिकटतं, आतून जाळतं... आणि उरलेलं लघवीतून, घामातून, थुंकीतून बाहेर पडतं. "मावशी, सात दिवस नातीला जवळ घ्यायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ताट वेगळं, संडास वेगळा." तिने शहाण्यासारखी मान डोलावली होती. सुनेने, कल्पिताने, तिचं पान पडवीत मांडलं होतं.

पण आज कल्पिता वाळत टाकलेले बोंबील उलटायला गेली आणि पाच वर्षांची रोशनी हळूच येऊन समोर बसली, तोंड उघडून. भिंग मासळीचं कालवण — नुसते काटेच काटे. "काटा डोळ्याला फसवतो, बोटाला फसवतो, जिभेला नाही," सासू सांगायची. तसंच तिने आपल्या निमेशला वाढवलं, तसंच त्याच्या लेकीला... घास जिभेवर फिरवला, काटा काढला, भरवला. जित्याची खोड! हात का झडले नाहीत माझे त्या वेळी... सांगू कल्पिताला? सांगितलं तर ती पोरीला उचलून माहेरी जाईल, परत पाठवायची नाही. जाईना का! पण पोरीच्या आतड्यात काही पेटलं तर? एवढंसं तर पोट तिचं. डॉक्टरीणबाईंना विचारावं तर फोन सुनेकडेच.

"आजी, अजून!" रोशनी पुढे सरकली.

"लांब हो! हात लावशील तर बघ!"

स्वतःचाच आवाज कमळला ओळखू आला नाही. पोर दाराआड पळाली. फटीतून तिचे डोळे दिसत होते, भरलेले, घाबरलेले. जन्मल्यापासून ती आजीला कधी घाबरली नव्हती. आणि कमळला त्या भीतीने बरं वाटलं — घाबर गं बाय, मला घाबर, अजून पाच दिवस तरी घाबर...

"आई, कशाला ओरडलात तिला?" कल्पिता अंगणातून आली, हाताला बोंबलांचा वास घेऊन. "काय झालं?"

कमळने तोंड उघडलं. सांगायचंच होतं तिला, आता सांगणारच होती. पण जीभ अजून दातांमागे काटा शोधत होती.