गुरुजी अहोजाहो करतात तेव्हा

आमच्या घरात कोणी फार अदबीने बोलायला लागलं की पळापळ सुरू होते. याला कारण माझे वडील, धर्माजी गुरुजी. रेवसजवळच्या आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली. शाळेत येणाऱ्या प्रत्येक पालकाला ते "या, बसा" म्हणत. आईला मात्र लग्नापासून "अगं ए". पुतळाबाई हे तिचं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक.

बाबांना मधुमेह आहे. सकाळी आणि संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिन. गेल्या आषाढी पौर्णिमेला, भिक्खूंचा पावसाळी मुक्काम म्हणजे वर्षावास सुरू होताना, त्यांनी विहारात अष्टशील घेतलं. म्हणजे त्या दिवशी दुपारनंतर अन्न नाही.

"झेपेल का?" मी विचारलं.

"साक्षी, मी चौथीचा वर्ग झेपवलाय," बाबा म्हणाले.

माझा बाप हट्टी आहे. मी त्याचीच मुलगी, म्हणून मला त्याचा राग जरा जास्तच येतो.

संध्याकाळी ते पडवीत बसले होते. आई पाणी घेऊन गेली, तर खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले, "या बाई, बसा. तुम्ही कोणाच्या पालक?"

आई चक्क लाजली. "ह्या वयात चेष्टा सुचतेय तुमाला!"

मीही हसले. मग लक्षात आलं, खाडीवरून गार वारा येत होता आणि बाबांचा सदरा घामाने भिजला होता. हात थरथरत होते. मीटर लावला, तर साखरेचा आकडा पन्नासच्याही खाली. टेबलावर इन्सुलिनचं पेन उघडंच पडलेलं. डॉक्टर म्हणाले होते, डोस चुकवू नका. विहारातले भंतेजी म्हणाले होते, दुपारनंतर जेवू नका. आमच्या आदर्श विद्यार्थ्याने दोघांचंही ऐकलं होतं!

मी पाण्यात साखर ढवळून आणली. बाबांनी ओठ घट्ट मिटले.

"दुपारनंतर मी काही घेत नाही."

"बाबा, प्या! जीव जाईल!"

"बाई," ते आईला म्हणाले, "तुमची मुलगी फार आरडाओरडा करते हो."

शुद्ध गेली तर तोंडात काही ओतता येणार नाही, ते श्वासनलिकेत जाईल, एवढं मला माहीत होतं. आणि दवाखाना थेट अलिबागला. बाबा माझ्यासमोर बसूनही हातातून निसटत होते.

आईने माझ्या हातातला पेला काढून घेतला. डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, माझा रत्नपाल पास झाला. पेढं न्हाय आणलं, सरबत आणलंय. तोंड गोड करा."

रत्नपाल म्हणजे माझा भाऊ. पनवेलला असतो, दोन पोरांचा बाप आहे.

बाबांचा चेहरा खुलला. "पास झाला? चांगल्या मार्कांनी?"

"व्हय, तुमच्यामुळं."

पास झालेल्या पोराच्या आईला नाही म्हणणं बाबांना कधी जमलंच नाही. त्यांनी अख्खा पेला संपवला.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा वर चढला होता. थोड्या वेळाने पडवीतून हाक आली, "अगं ए, माझा सदरा ओला कसा?" ते ऐकून आई पदराने डोळे पुसत भात वाढायला गेली. बाबा शीलाबद्दल काही बोलणार होते, पण तिने नुसतं बघितलं आणि ते जेवायला बसले.

डॉक्टरांनी नंतर बजावलं, जेवणात बदल करायचा असेल तर डोसचं आधी मला विचारा, आणि खिशात ग्लुकोज ठेवा. भंतेजी म्हणाले, "गुरुजी, साखर हे तुमचं औषध. तुम्ही पंचशील पाळा, तेवढं पुरे." तेव्हापासून बाबा कोणालाही "अहो" म्हणाले की आई आधी त्यांचं कपाळ चाचपते.

वर्षावास संपला त्या दिवशी विहारात बाबांना बोलायला उभं केलं. ते बायकांच्या बाजूला बघून म्हणाले, "पुतळाबाई, तुम्ही होतात म्हणून मी आज इथे उभा आहे."

आई ताडकन उठली. भर सभेतून वाट काढत गेली आणि त्यांच्या तोंडात ग्लुकोज कोंबलं. मागोमाग मी मीटर घेऊन. आकडा एकशे तीस.

"अगं ए," बाबा भरल्या तोंडाने म्हणाले, "मी शुद्धीत बोललो."

आईने आकड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मग परत म्हना," ती म्हणाली.