ओल्या चिठ्ठीचा चंबू

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा चंबू आहे आणि स्वभावानं खुनशी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भांड्यानं कसला राग धरायचा, असं तुम्हाला वाटेल. पण ज्याच्या पोटात हात घालून त्याच्याच मालकिणीला लुबाडलं, त्यानं दुसरं काय करावं?

माझा जन्म बेळगावच्या एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. पोट गोल, मान अरुंद, काठ बाहेर वळलेला. जवळच्या सांबरा गावच्या एका बाईनं मला विकत घेतलं आणि लेकीबरोबर शहापूरला पाठवून दिलं. ती लेक म्हणजे माझी मालकीण बायाक्का. शहापूर सांगली संस्थानातलं. रस्ता ओलांडला की बेळगाव, ते इंग्रजांचं. मला दोन्हीकडचं पाणी सारखंच लागायचं.

बायाक्काचा नवरा नागोजी चांगला विणकर होता, पण माग दुसऱ्याचा. गल्लीतल्या तम्मण्णाचे चार माग होते, त्यातल्या एकावर तो लुगडी विणायचा. लुगडं बाजारात गेलं की पैसा तम्मण्णाचा, नागोजीच्या हातात मजुरी. बायाक्का दिवसभर सुताच्या कांड्या भरायची, धागा ताठ व्हावा म्हणून लोकांच्या सुताला आंबवलेल्या पिठाची खळ लावून द्यायची. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. घरात स्वतःचा माग हवा. माग यायला चाळीस रुपये लागणार होते आणि घरात साठवलेला पैसा आजारपणात नाहीतर सणावारात उडून जायचा.

अशात तम्मण्णानं भिशी काढली. वीस माणसं, दर महिन्याला दोन-दोन रुपये. अमावास्येला माग बंद असतात, त्या दुपारी त्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात जमायचं. चिठ्ठी निघेल त्याला चाळीस रुपये मिळणार. पहिला महिना भिशी चालवणाऱ्याचा, पुढचे नशिबाचे.

"चिठ्ठ्यांना भांडं माझ्या घरचं नको," तम्मण्णा सगळ्यांसमोर म्हणाला. "उगच कुणाला संशय नको. बायाक्का, तुझा चंबू आण गं."

बायाक्काला केवढा मान वाटला! तिनं मला चिंचेनं घासून लखलखीत केलं. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू.

चिठ्ठी काढायची ती तम्मण्णाची आई, मालुबाई. म्हातारी दोन्ही डोळ्यांनी आंधळी. "आंधळ्या माणसाला काय दिसतंय?" असं म्हणून लोक निर्धास्त झाले. मित्रांनो, इथंच सगळे चुकले. मालुबाईचं सगळं आयुष्य सुताला खळ लावण्यात गेलं होतं. धागा बोटांत धरला की खळ जास्त झाली की कमी, हे ती सांगायची. गल्लीतल्या बायका तिच्याकडूनच ते काम शिकल्या होत्या, बायाक्कासुद्धा. तरी तिचे डोळे बोटांत आहेत, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मला मात्र दुसऱ्याच महिन्यात कळलं. तिची बोटं आत आली आणि चिठ्ठ्या चाचपू लागली. एक सोडली, दुसरी सोडली, तिसरी सोडली. मग एक कडक चिठ्ठी हाताला लागली आणि बोटं थांबली. नाव निघालं परशरामचं, म्हणजे तम्मण्णाच्या साडूचं. नंतर चुलतभावाचं. मध्ये एखाद्या महिन्यात खरोखरच कुणा परक्याचं नाव यायचं, म्हणजे लोक गप्प बसायचे. तम्मण्णा आपल्या माणसाची चिठ्ठी घरी खळीत बुडवून वाळवायचा आणि सोप्यात बसून नावं मोठ्यानं वाचत इतरांच्या चिठ्ठ्यांबरोबर माझ्यात टाकायचा. बायाक्काची चिठ्ठी दर वेळी त्या बोटांना लागायची आणि दर वेळी ती बाजूला सारायची. बायाक्काकडं माग आला तर नागोजी त्याच्या मागावरून उठणार, हे तम्मण्णाला पक्कं ठाऊक होतं.

मी ओरडू शकलो असतो तर सगळी गल्ली गोळा केली असती. पण भांड्याला तोंड असून काय उपयोग!

वर आणखी एक. ज्यांना पैसे आधी मिळाले, त्यांचा पुढचे दोन रुपये भरण्यातला जीव गेला. परशराम दोन महिने मागं पडला. "सूत लई महागलंय," म्हणायचा. तम्मण्णा मान डोलवायचा. विसावा महिना येईपर्यंत भिशीत काय उरलं असतं, याचा हिशेब तुम्हीच करा. आणि विसावी कोण होती, हे मला दिसत होतं.

सातव्या अमावास्येला मी सूड घेतला. लहानसाच, पण मला जमेल तेवढा. म्हातारीच्या नखानं कडक चिठ्ठीवरची खळीची पापडी सुटली, ती मी तळाशी धरून ठेवली. बायाक्का मला घरी घेऊन आली, घासायला बसली, बोट आत फिरवलं आणि पापडी तिच्या नखाखाली आली. तिनं ती चोळून बघितली. जिभेवर ठेवली. आंबूस लागली.

आजवर निघालेली नावं तिनं बोटांवर मोजली, साडू, चुलतभाऊ. मग नागोजीला म्हणाली, "मालुआक्काच्या हातची खळ हाय ही."

"मी आत्ता जातो आन् त्याचं नरडं धरतो," नागोजी उठला.

"बसा गपगुमान. नरडं धरून माग येतोय व्हय? उद्या कामावर जावा, हसून बोला. अमावास्या येऊ दे."

त्या महिनाभरात तिनं मला रोज घासलं. तिच्या हातात एवढा जोर मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

आठव्या अमावास्येला सोपा भरला. तम्मण्णानं तेरा नावं वाचली, तेरा चिठ्ठ्या टाकल्या. मालुबाईनं हात पुढं केला, तेवढ्यात बायाक्का उठली. तिच्या हातात कढत पाण्याची कासंडी होती.

"आक्का, थांबा जरा," म्हणाली आणि पाणी माझ्यात ओतलं.

"अगं ए! काय करतीस?" तम्मण्णा ओरडला.

"का वो आण्णा? नावं शिसपेनीनं लिवल्यात, पुसायची न्हाईत. भिजल्या तर भिजल्या."

माझ्या पोटात बारा चिठ्ठ्या मऊ पडल्या. तेरावी बुळबुळीत झाली, पाणी गढूळलं आणि खळीचा आंबूस वास सोप्यात पसरला. समोर सगळे विणकर होते. त्या वासाला नाव सांगावं लागत नाही. भिशीतल्याच सत्यवती नावाच्या बाईनं चिठ्ठ्या बाहेर काढून पाटावर मांडल्या. बुळबुळीत चिठ्ठीवर नाव होतं भरमाचं, तम्मण्णाच्या मेहुण्याचं.

लोक उठले. कुणी म्हणालं फौजदाराकडं चला. पण निम्मी माणसं बेळगावची, निम्मी शहापूरची, फौजदार नक्की कुठला, यावरच भांडण जुंपलं. तम्मण्णाचा चेहरा पाहून मला जो आनंद झाला, तो पहिल्यांदा घासल्यावरसुद्धा झाला नव्हता.

तेव्हा मालुबाई बोलली. "लेकानं सांगितलं, घरची माणसं आधी निघू देत, कुणाचं काय जात न्हाय. मी ऐकलं. पन बोटं माझी व्हती." तिनं कमरेची पुरचुंडी सोडली. आत सोन्याची बोरमाळ होती, लेकाला माहीत नसलेली. ती तिनं चाचपत माझ्यात सोडली. "विसावी चिठ्ठी निघंपतूर ही बायाक्काच्या घरात ऱ्हाऊ दे. माझ्या माणसानी पैसं बुडवलं तर मोडा."

त्याच दुपारी परशरामनं मागचे चार रुपये आणून दिले. कुणाला बोलवायलाही जावं लागलं नाही.

नव्यानं ओल्या चिठ्ठ्यांतून नाव काढलं, ते सत्यवतीचं निघालं. बायाक्काचं सोळाव्या महिन्यात आलं. तिनं एक दिवसही कुरकुर केली नाही. माग घरात आला त्या संध्याकाळी नागोजी तम्मण्णाला एवढंच म्हणाला, "आण्णा, उद्यापास्नं येत न्हाय." विसावी चिठ्ठी निघाल्यावर बोरमाळ मालुबाईच्या हातात परत गेली. म्हातारीनं पुन्हा कधी माझ्यात हात घातला नाही.

पुढं भिशी बायाक्काच्या घरी आली. पहिला महिनासुद्धा तिनं स्वतःला ठेवला नाही. आणि एक दिवस तम्मण्णा दारात उभा राहिला. त्याचे दोन माग बंद पडले होते, कुणी उसने देत नव्हतं. "मला बी घे गं बायाक्का," म्हणाला.

"घेते की. पन विसावा नंबर तुमचा. चिठ्ठी न्हाई."

वीस महिने, मित्रांनो! वीस महिने तो दोन रुपये भरत होता आणि मी त्याच्याकडं बघत होतो. दर अमावास्येला लोक आपापले पैसे घेऊन हसत जायचे आणि तो मोजत बसायचा, कोण भरतोय, कोण चुकवतोय. तो वाळला. आपण जे करणार होतो तेच ही बाई आपल्याला करणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. मला तर तीच आशा होती.

विसाव्या अमावास्येला बायाक्कानं त्याच्या हातावर एकेक करून रुपये ठेवले. चाळीस. त्यानं पुन्हा मोजले. चाळीसच.

"नीट मोजा आण्णा," ती म्हणाली. "मागनं कमी दिलं म्हनू नका."

त्याला मान वर करता येईना. मला तेव्हा बायाक्काचा राग आला होता. निदान एक रुपया तरी मारायचा होता! आता सत्तेचाळीस साल लागलं, माझ्या पोटाला पोचे आले, तेव्हा कुठं कळतं. एक रुपया कमी दिला असता, तर तम्मण्णा शिव्या देत, छाती काढून घरी गेला असता. पुरे चाळीस घेऊन तो आजही आमच्या दारावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जातो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, भिशी जरूर लावा, थोडं थोडं साठवा. पण पैसे आधी उचलणाऱ्याकडून काहीतरी तारण घ्या, ज्याच्या हातात पैसा त्याच्या हातात चिठ्ठी देऊ नका. आणि मला अधूनमधून चिंचेनं घासत जा. अजून अमावास्येला चिठ्ठ्या टाकल्या की बायाक्का माझ्यात पाणी ओतते, आणि मी वास घेत बसतो.