उतरताना म्हणायचा शब्द

मी 'चिअर' बोलतोय. इंग्लंडातल्या आमच्या ब्रिस्टल शहरात मला सगळे 'चिअर्स' म्हणूनच ओळखतात. इंग्रजीत आनंदाचे शब्द पुष्कळ आहेत, पण सकाळपासून रात्रीपर्यंत राबणारा मी एकटाच. बोलण्यात थोडा ताठा वाटला तर वाटू दे, तो मी कमावलेला आहे.

फार जुन्या काळी मी फ्रान्सकडून इथे आलो तेव्हा माझा अर्थ होता चेहरा. हसरा की रडका, ते ज्याचं त्याने ठरवायचं. पुढे लोकांनी मला चेहऱ्यावरून मनात नेलं. मग मी पानात वाढलेल्या चांगल्याचुंगल्याचा झालो, मैदानातल्या आरोळीचा झालो, उंचावलेल्या पेल्याचा झालो. आता तर कुणी मीठ पुढे सरकवलं तरी आभाराला मी, दार धरून ठेवलं तरी मी आणि निघताना निरोपालाही मीच.

माझे भाऊबंद तुम्हाला ठाऊक असतील. 'मेरी' नाताळात नटूनथटून मिरवते आणि एरवी दोन पेले जास्त झालेल्या काकांच्या वाट्याला येते. 'जॉली'ला हल्ली कुणी खरा आनंद झाला म्हणून बोलावत नाही, थंडी फार आहे हे सांगतानासुद्धा 'फार'च्या जागी त्यालाच पुढे करतात. 'मर्थ', म्हणजे हसणं-खिदळणं, पुस्तकातून बाहेर पडत नाही, तिला गुडघ्यांचा त्रास असावा.

इथली माणसं मनातलं बोलायला भारी लाजतात. सख्खा भाऊ किती वर्षांनी भेटला तरी आधी हवापाण्याच्या गप्पा होतात. पण त्यांना माया नाही असं समजू नका. ती सगळी माझ्या आडून चालते, मी जवळून पाहिलीय आणि मला या माणसांचं फार कौतुक आहे.

आमच्याकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'चिअर्स, ड्राइव्ह', म्हणजे आभारी आहे ड्रायव्हरदादा, असं म्हटल्याशिवाय कुणी पाय खाली ठेवत नाही. शाळकरी पोरं म्हणतात, नवऱ्याशी भांडून निघालेली बाई म्हणते, दातदुखीने गाल धरलेला माणूससुद्धा कसाबसा म्हणतो. न म्हणता उतरलात तर तुम्ही परगावचे, नाहीतर तुम्हाला घरी कुणी काही शिकवलेलं नाही.

शहरातल्या बेडमिन्स्टर भागात चढावर राहणाऱ्या बेरिलने आपल्या मुलीला, ट्रेसीला, हे चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. बेरिल शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपी होती. ती बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार व्हायचा. मग एके सकाळी तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, वाचा मात्र गेली. समोरचं सगळं तिला समजायचं, पण एक शब्द बाहेर येईना.

मी तिच्या आतच होतो हो. आम्ही सगळेच होतो, दाराशी गर्दी करून. पण दार उघडेना आणि आम्हाला ते आतून ढकलता येईना.

बोलकी बाई मुकी झाली की तिला माणसं नकोशी होतात. बेरिलने दुकानात जाणं सोडलं. शेजारीण दारात आली की ती पडदा ओढून घ्यायची. फक्त आठवड्याला ट्रेसी तिला बसने इस्पितळात न्यायची. तिथली वाचेवर उपचार करणारी मुलगी चित्रं दाखवून शब्द वदवून घेऊ बघायची. वाटेत कुणी काही विचारलं की आईला लाज वाटू नये म्हणून ट्रेसीच उत्तर द्यायची. बसमधून उतरतानाही दोघींच्या वतीने मला तीच उच्चारायची.

त्या दिवशी कपाचं चित्र होतं. बेरिलने ओठ हलवले, घाम फुटला आणि शेवटी तिने ते चित्र जमिनीवर भिरकावलं. परतताना बसमध्ये ट्रेसीने आईचा हात धरला.

"नको जायला, आई. इतका जीव काढून काय करायचंय? तू घरीच बस, मी आहे ना."

बेरिलने मान हलवली, होकाराची. ती आता कायमची पडद्याआड जाणार, हे मला कळलं होतं.

थांबा आला. डोळे पुसत, पिशव्या आणि आईची काठी सावरत ट्रेसी आधी उतरली आणि हात द्यायला वळली. रडण्याच्या नादात ती ड्रायव्हरला काहीच म्हणाली नव्हती.

बेरिल दारातच थबकली. तिने आधी मुलीकडे पाहिलं. बेवारशी पोरासारखी उतरली माझी मुलगी, सगळ्या बससमोर, असा संताप त्या नजरेत होता. मग ती ड्रायव्हरकडे वळली आणि कुणीतरी मला मागून जोरात ढकललं.

"चिअर्स, ड्राइव्ह," बेरिल म्हणाली. अगदी स्वच्छ.

"जपून गं राणी, कडेला ओलं आहे," ड्रायव्हर म्हणाला. आमच्याकडे ड्रायव्हर कुणालाही राणी म्हणतात. त्याला काही विशेष वाटलं नाही. बेरिल उतरल्यावर त्याने दार लावलं आणि बस गेली.

बेरिलने ट्रेसीच्या दंडावर एक चापट मारली आणि बस गेली त्या दिशेला बोट दाखवलं.

"चुकलं, आई," ट्रेसी हसत रडत म्हणाली. "पुन्हा नाही विसरणार."

इस्पितळातल्या मुलीने सांगितलं, वाचा गेली तरी सवयीचा एखादा शब्द असा मागे राहतो, म्हणून फार आशा लावून बसू नका. तिचं खरं असेल. कपाला बेरिल अजून कप म्हणत नाही.

मला वजनदार शब्दांच्या पंगतीत पाट नको. उठता-बसता वापरून मी झिजलोय असं शहाणे लोक म्हणतात, म्हणोत बापडे. तुम्ही मला वापरत राहा, म्हणजे मी तोंडात मुरेन आणि कधीतरी कामी येईन. एवढंच मागणं आहे.

आता रोज दुपारी बेरिल एकटी घराबाहेर पडते. चढाखालच्या थांब्यावर बस पकडते, थोडं पुढे जाऊन उतरते आणि पलीकडच्या बाजूने दुसऱ्या बसने परत येते. बाजार करायचा नसतो, कुणाला भेटायचं नसतं. ती बसमध्ये बसते ती उतरता यावं म्हणून.