सत्काराच्या खुर्चीतून

सत्कार दोनचा, सुरू झाला साडेतीनला. राजूरमध्ये याला कुणी उशीर म्हणत नाही. पण सुट्टीला गावी आलेली सत्कारमूर्ती ज्ञानेश्वरी सारखं घड्याळ बघत होती. चार वाजता तिला इंग्लंडहून फोन येणार होता.

तिथल्या विद्यापीठात तिचे दोन विषय राहिले होते. प्राध्यापक भरभर बोलत. बाकीची पोरं हसली की हीही हसे. इंग्रजीसाठी मदतीचा वर्ग होता, तोही फुकट. पण 'इंग्रजीत तालुक्यात पहिली' म्हणून जिचा फोटो कानिफनाथ सरांच्या क्लासच्या फ्लेक्सवर झळकतो, तिनं मदत मागायची कुठल्या तोंडानं? आता शेवटची संधी होती. आज फोनवर अडचण स्वतः सांगितली तर त्या वर्गात जागा, नाहीतर प्रवेश रद्द. घरी यातलं काही माहीत नव्हतं. आई, पुष्पावती, नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

सरपंच बोलले, माजी सरपंच त्यांच्याहून जास्त बोलले. डोक्याला फेटा, अंगावर शाल, मांडीवर नारळ. अशा अवतारात उठून जायचं तरी कसं?

फोन वाजलाच. ती उठू लागली तर शेजारी बसलेल्या कानिफनाथ सरांनी दंड धरून खाली बसवलं.

"विलायतेचा हाय ना? मग इथंच बोल. पोरांना ऐकू दे."

आणि माईक तिच्या तोंडाशी धरला. इकडे आड, तिकडे विहीर.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, वर्गातलं किती समजतं? ज्ञानेश्वरीनं डोळे मिटले आणि इंग्रजीत सांगून टाकलं: निम्मंही नाही, सांगायची लाज वाटत होती, मला मदत हवी आहे. बाई म्हणाल्या, जागा तुझी. तिला रडूच आलं.

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढं इंग्रजी, तेही न अडखळता! फक्त सरांचा चेहरा उतरला होता. त्यांना शब्द न् शब्द कळला होता. त्यांनी समोरच्या पोरांकडे, त्यांच्या आईबापांकडे बघितलं आणि माईक स्वतःकडे घेतला.

"ती म्हनली, तिथलं समदं लई सोपं हाय. क्लासमुळंच."

पुष्पावतीला राहवलं नाही. ती स्टेजवर चढली.

"मग पुढल्या वर्साला धाकलीलाबी तिकडंच धाडते, सर. आता भ्या न्हाई."

सर खाली बघू लागले. ज्ञानेश्वरीनं माईकसाठी हात पुढे केला. पुष्पावतीनं तोच हात धरला आणि उंच करून सगळ्या गावाला दाखवला.